प्रत्येकाचं नाणं वेगळं

पुणे,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

प्रिय पद्मजा,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून घाबरली असशील, म्हणून आधी हेच सांगते की आम्ही सगळे जिवंत आहोत. फोन हातात घेतला होता, नाही असं नाही. पण फोनवर तू "कशी आहेस?" म्हणणार, मी "मजेत" म्हणणार, मागे तुझा नातू काहीतरी पाडणार, तू "थांब हं, बघून येते" म्हणणार आणि मग ते राहूनच जाणार. तू बंगळूरला गेल्यापासून आपलं असंच चाललंय. तक्रार नाही करत. दिवाळीला तू दिव्याचं चित्र पाठवतेस, ईदला चंद्राचं, आणि मी दोन्हीला हात जोडलेलं चित्र पाठवते. पण आज मला जे सांगायचंय ते चित्रात मावणारं नाही, आणि मध्येच कुणी थांबवलं तर मी पुन्हा सुरू करणार नाही हे मला माहीत आहे.

आपलं 'नवे संशोधन'चं पान अजून निघतंय. तू गेल्यावर श्रीनिवासराव म्हणाले होते, "आबेदाबाई, आता भौतिकशास्त्रही तुम्हीच बघा. मासिकाला परवडणारी दुसरी विदुषी पुण्यात नाही." संपादकांचं कौतुक हे असंच असतं, तुला ठाऊक आहे. तेव्हापासून तुझे दोन विषय आणि माझे दोन, चारही माझ्याकडे. मेंदू आणि जनुकं मी कशीही ओढून नेते, पण सप्टेंबरात ते कृष्णविवरांचं आलं तेव्हा तुझी फार आठवण झाली. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, त्या धक्क्याची लाट सव्वाशे कोटींहून जास्त वर्षं प्रवास करत पृथ्वीवर पोचली आणि पापणी लवेपर्यंत निघूनही गेली. तेवढ्यात शास्त्रज्ञांनी मोजलं की नव्या विवराचं क्षेत्रफळ जुन्या दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त भरतं. हे मराठीत कसं लिहायचं म्हणून मी दिवसभर बसले होते. तू असतीस तर भाजी निवडता निवडता सांगितलं असतंस. मग ऑक्टोबरात तुझ्या त्या जाळीदार स्फटिकांना नोबेल मिळालं. वाळवंटातल्या कोरड्या हवेतून पाणी ओढून घेणारे. तू प्रयोगशाळेतून बाटलीत ती पांढरी भुकटी आणून मला दाखवली होतीस आणि म्हणाली होतीस, "यात पदार्थ कमी आणि रिकामी जागाच जास्त आहे गं, आणि कामाची आहे ती रिकामी जागाच." मी ते वाक्य लेखात घातलं. नाव नाही घातलं तुझं. शोधून बघ नोव्हेंबरचा अंक.

लिहून झालं की मी मजकूर मोठ्याने वाचते. पूर्वी तुला फोनवर वाचून दाखवायचे, आता युसूफला. हो, युसूफ माझ्याकडेच असतो. भाभी कोरोनात गेली ते तुला माहीत आहे. त्यानंतर काही महिने तो आणि त्याची पोर परवीन त्यांच्याच घरी राहिले, मग परवीनला हिंजवडीत नोकरी लागली आणि ती तिकडेच हॉस्टेलवर राहायला गेली. तिथून रोज कोंढव्याला येणं म्हणजे आयुष्य बसमध्येच काढणं. ती रविवारी येते. बाकीचे दिवस आम्ही दोघं भाऊ-बहीण. आपल्याला पावसात स्कूटरवरून विद्यापीठात सोडणारा, तुझ्या पहिल्या चष्म्याची काडी फुकट बसवून देणारा युसूफ तुझ्या डोळ्यांसमोर असेल. तो असाच राहू दे, असं मनात येतं. कॅम्पातलं चष्म्याचं दुकान त्याने बंद केलं. तो तुला सांगायचा की गिऱ्हाईक कमी झालं. खरं कारण असं की ते बारीक स्क्रू त्याच्या बोटांत राहीनात. एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. मग एक दिवस एका लहान मुलीच्या चष्म्याची काच त्याच्या हातात तुटली, तिने भोकाड पसरलं आणि हा दुकानाच्या फळीवर डोकं टेकून बसला. आता तो बोलतोही कमी. एप्रिलमध्ये उंदराच्या मेंदूच्या कणभर तुकड्याचा नकाशा काढल्याची बातमी मी त्याला वाचून दाखवली होती. वाळूच्या कणाएवढा तुकडा आणि त्यात पेशी-पेशींमधले पन्नास कोटींहून जास्त सांधे. त्या वेळी तो म्हणाला होता, "एवढ्या सांध्यांतला एखादा तर निसटणारच ना, आपा." आता काहीही वाचलं की "अच्छा" म्हणतो. मी मजकुरात मुद्दाम चूक करून पाहिली, तरी "अच्छा"च. पद्मजा, शेजारच्या खोलीत माणूस असताना घर इतकं रिकामं वाटू शकतं हे मला माहीत नव्हतं.

आता अब्बांचं सांगते. तू त्यांना एकदाच भेटलीस. आपण एम.एस्सी.ला होतो, ईद होती, आणि तू खडकीला आमच्या क्वार्टरमध्ये आली होतीस. अब्बांनी स्वतः तुला शीरखुर्म्याची वाटी आणून दिली आणि ती तुझ्या पांढऱ्या ओढणीवर सांडली. तू लगेच म्हणालीस, "मलाच नीट धरता आली नाही." अम्मीने ते शेवटपर्यंत लक्षात ठेवलं होतं. त्या दिवशी तू काही विचारलं नाहीस आणि मीही काही सांगितलं नाही. आमच्या घरात त्या आजाराबद्दल कुणी बोलतच नसे. अब्बा दारूगोळ्याच्या कारखान्यात होते आणि त्यांची चाल बिघडली तेव्हा अख्ख्या वसाहतीत एकच विनोद होता, "कादरमियाँ दारूच्या कारखान्यात दारूच पितात." माझ्या बापाने आयुष्यात त्या दारूला हात लावला नाही. लावला तो तोफगोळ्यात भरायच्या दारूलाच. मग कारखान्याने त्यांना भरणीवरून काढून फाटकाजवळच्या शेडमध्ये बसवलं, आणि ते योग्यच होतं, तिथे हात थरथरून चालत नाही. पण अब्बांना खरं लागलं ते दुसरंच. नमाजात बांधलेले हात स्थिर राहीनात. बोटं आपोआप उचलली जायची, जणू कुणीतरी आतून पेटी वाजवतंय. रांगेतली माणसं बघायची. एका शुक्रवारी ते अर्ध्या वाटेवरून परत आले आणि नंतर घरीच, भिंतीकडे तोंड करून नमाज पढू लागले.

पुढे एका मोठ्या इस्पितळात आजाराचं नाव कळलं. हंटिंग्टन. डॉक्टर म्हणाले, वंशातून येतो. अम्मीने विचारलं, "कुणाच्या?" डॉक्टरांनी अब्बांकडे पाहिलं, मग माझ्याकडे आणि युसूफकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण लावलं. मी प्राणिशास्त्र शिकत होते, मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आईबापांपैकी एकाकडून सदोष जनुकाची एक प्रत आली की पुरते. प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. बाहेर पडल्यावर युसूफने विचारलं तेव्हा मी त्याला नाण्याचं उदाहरण देऊन सांगितलं. तो म्हणाला, "तुझ्या पुस्तकातलं तुझ्यापाशी ठेव, मला जगायचंय." आणि तो जगला. लग्न केलं, परवीन झाली, तिच्या प्रत्येक वाढदिवसाला रस्त्यावरच्या मुलांना बोलावून केक खाऊ घातला. मी माझ्या पद्धतीने जगले. मी लग्न का केलं नाही याची दोन-तीन उत्तरं तू ऐकली असशील. ती सगळी खरी होती. एक उरलं होतं, ते आता तुझं तुला कळलं असेल.

काही वर्षांनी ते जनुक सापडलं, तपासणी निघाली. मी केली नाही. दरवर्षी वर्गात शिकवताना प्रभावी जनुकाचा धडा यायचा, पुस्तकात या आजाराचं नाव असायचं, आणि मी ते नाव वाटाण्याच्या फुलांचा रंग सांगावा त्याच आवाजात वाचायचे. मुली लिहून घ्यायच्या. आपल्या पानावरही मी याबद्दल कधी लिहिलं नाही. लिहावं असं काही घडतही नव्हतं म्हणा. आजाराचं कारण माहीत, जागा माहीत, आणि करता येण्यासारखं शून्य.

यंदा सप्टेंबरच्या शेवटी ते घडलं. दिवाळी अंक छापायला जायच्या बेतात होता. माझा कुकर लावलेला होता आणि मोबाइलवर बातमी आली. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या आत जनुकीय सूचना भरायची आणि बरेच तास चालणाऱ्या शस्त्रक्रियेने ती मेंदूत अगदी आत, नेमक्या जागी सोडायची. तीन वर्षं पाहिलेल्या मूठभर रुग्णांमध्ये आजाराचा वेग पाऊणपट कमी झाला होता. आजार थांबला नव्हता, उतार कमी झाला होता. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मला वाटलं होतं, असं काही कधी वाचलं तर मी रडेन, नाचेन. पण मी फक्त गॅस बंद केला आणि युसूफच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. तो खिडकीशी बसून खालच्या रिक्षा बघत होता आणि त्याचा डावा पाय आपला आपण हलत होता. मी त्याला काही सांगितलं नाही. परदेशातली मूठभर माणसं, त्यातही सुरुवातीच्या टप्प्यातली. त्याच्यापर्यंत हे केव्हा येणार आणि तोवर तो कुठे असणार! गेल्याच महिन्यात वाचलं की मंजुरीचंही पुन्हा अडलंय.

श्रीनिवासरावांना मात्र ती बातमी अंकात हवीच होती. मी लिहून पाठवली. त्यांचा फोन आला, "बाई, हे औषधाच्या खोक्यातल्या घडीच्या कागदासारखं झालंय. यात माणूस कुठेय?" मग मी बसून त्यात एक माणूस घातला. कारखान्यात काम करणारा, ज्याला लोक दारुडा म्हणतात आणि ज्याचे हात प्रार्थनेत स्थिर राहत नाहीत. श्रीनिवासराव म्हणाले, "हा चांगला जमलाय. कुठून काढलात?" मी म्हटलं, "काल्पनिक आहे." ते म्हणाले, "तरीच. खऱ्या माणसांना एवढी वाचा नसते." अंक निघाला. युसूफला तो लेख मी वाचून दाखवला नाही. पण त्याने अंक उचलला, बराच वेळ त्या पानावर तो होता, आणि संध्याकाळी चहा पिताना म्हणाला, "अब्बा भिंतीकडे नाही, कपाटाकडे तोंड करून नमाज पढायचे." बऱ्याच दिवसांनी त्याचं एवढं लांब वाक्य ऐकलं मी.

दिवाळी झाल्यावर मांजरीहून एकाचा फोन आला. मच्छिंद्र नाव. मासिकाच्या कचेरीतून नंबर मिळवला होता. त्याच्या मुलीने शाळेच्या वाचनालयातून अंक आणला होता. "म्याडम, तुम्ही आमच्या आईचंच लिव्हलंय," तो म्हणाला, आणि मी डॉक्टर नाही असं किती वेळा सांगितलं तरी पुढच्या रविवारी तो आईला घेऊन हजर झाला. चांगला धिप्पाड, पन्नाशीच्या आतबाहेरचा माणूस. वडिलांच्या उसाच्या जमिनीवर आता सोसायट्या उभ्या राहिल्यात आणि याची मोठी गाडी आमच्या गल्लीत वळेना. आई सोजरबाई, नऊवारीतली, काटकुळी. तिला सोफ्यावर बसवलं आणि मी पाहिलं, पद्मजा, तीच बोटं. तेच खांदे उडणं, भुवई मध्येच वर जाणं. अब्बांना जाऊन इतकी वर्षं झाली, आणि ते माझ्यासमोर लुगडं नेसून बसले होते. मांजरीत आधी बाहेरचं म्हणून उतारे टाकून झाले, मग एका डॉक्टरने झोपेच्या गोळ्या दिल्या. तिच्या वडिलांचंही असंच झालं होतं म्हणे, ते विहिरीत पडून गेले. पडून की कसं, ते कुणी विचारलं नाही.

तेवढ्यात आवाज ऐकून युसूफ बाहेर आला. पाहुणे आले की तो कधीच येत नाही. तो दाराची चौकट धरत, भिंतीचा आधार घेत आला आणि समोरच्या खुर्चीत बसला. सोजरबाई त्याच्याकडे बघत राहिली. त्याचा हात उडाला, तिचा उडाला. मग ती म्हणाली, "अगं बया, ह्यो बी माझ्यासारखाच हाय की रं मच्छिंदर!" आणि हसली. तोंडाला पदर न लावता, अगदी मोकळी हसली. युसूफही हसला. मी दोघांना चहा द्यायला उठले तर ती म्हणाली, "अर्धाच कप भर, बाई. आमचा सांडतोय." युसूफ म्हणाला, "मी तर बशीतच घेतो, मावशी." ते दोघं चहा कसा प्यायचा, सदऱ्याची बटणं कशी लावायची, चप्पल पायात कशी अडकते, याबद्दल बोलत राहिले. परवीन त्या दिवशी घरी होती. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बापाला बोलताना बघत होती आणि तिच्या हातातला चमचा तसाच होता.

मच्छिंद्रने अंक उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. "इथं लिव्हलंय निम्मी शक्यता. आम्ही चार भावंडं. म्हंजी दोघांना हुणार आन् दोघं सुटणार, आसंच ना?" मी जन्मभर वर्गात हा प्रश्न ऐकला होता. उत्तर पाठ होतं. पण ते द्यायला मला जड गेलं. म्हटलं, "नाही दादा, अशी वाटणी नसते. प्रत्येकाचं नाणं वेगळं. चौघांनाही होऊ शकतं, एकालाही होणार नाही असंही असतं." आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं त्याने, उलटेसुलटे करून. तोवर तो आईसाठी आला होता. मग मान वर करून त्याने सरळ विचारलं, "ताई, तुम्ही बी ह्यांच्या सख्ख्या भैन. तुमचं नाणं बघितलं का?" असं मला कुणी विचारलं नव्हतं. आमच्यात उलट म्हणायचे, युसूफला झालं म्हणजे तू सुटलीस, जणू देवाने घरटी एकच चिठ्ठी टाकली होती. मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "का वो?" मी त्याला मेंदूच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला. जाताना सोजरबाईने युसूफच्या डोक्यावरून हात फिरवला. हात डोक्यावर नीट टेकेना, कानावरून, खांद्यावरून घसरला, पण तिने तो फिरवलाच.

ते गेल्यावर परवीन माझ्यापाशी येऊन बसली. म्हणाली, "फूफी, मी रिझाइन करते. अब्बूंना मी बघते. तू किती दिवस करणार?" तिच्या आवाजात रडं नव्हतं, ठरवल्यासारखं होतं सगळं. तिने रजेचे, घरभाड्याचे सगळे विचार करून ठेवले होते. सव्वीस वर्षांची पोर. तिला तिचं स्वतःचं नाणं आहे, आणि ते बघायचं की नाही हे तिचं तिने ठरवायचंय. मी त्याबद्दल तोंड उघडणार नाही. पण निदान तिला मी सांगायला हवं होतं, नोकरी सोडू नकोस, बेटा, युसूफला मी सांभाळेन, शेवटपर्यंत. ओठांपर्यंत आलं होतं. मग वाटलं, हा शब्द मी कशाच्या जोरावर देतेय? माझ्या वयापर्यंत काही दिसलं नाही म्हणजे शक्यता उतरते, संपत नाही. काहींना म्हातारपणी गाठतं. हल्ली सुईत दोरा ओवायला मला वेळ लागतो. वय आहे, मोतीबिंदू आहे, की ते आहे? मी तिला थांब म्हणायचं, ती माझ्या भरवशावर थांबणार, आणि चार वर्षांनी त्या पोरीच्या घरात एकाऐवजी दोन माणसं बशीतून चहा पिणार? मी तिला एवढंच म्हटलं, "महिना-दोन महिने थांब. मग बोलू."

आणि मी जाऊन रक्त देऊन आले. एवढी वर्षं जे केलं नाही ते किती सोपं होतं. सुई टोचली, कापूस लावला, झालं. त्याआधी तिथल्या समुपदेशक मुलीने माझ्याशी लांबलचक बोलणं केलं. हेमा तिचं नाव, परवीनपेक्षा थोडीच मोठी. सगळे प्रश्न विचारले. झोप कशी लागते, निकाल वाईट निघाला तर काय कराल, घरी कोण. शेवटी म्हणाली, निकाल घ्यायला येताना कुणालातरी सोबत आणा. घरचं माणूस नको, म्हणजे ज्याला स्वतःला हा धोका आहे असं नको, कारण तुमचा निकाल ऐकताना ते मनात स्वतःचाच ऐकतं. मी मान हलवली. असतात असे नियम, म्हटलं.

गेल्या आठवड्यात निकाल आल्याचा फोन आला. मी चांगली साडी नेसले, युसूफला शेजारच्या खोजेमा चाचांकडे बसवलं आणि एकटी गेले. हेमाने दाराकडे पाहिलं. "सोबत कोण आलंय, मॅडम?" मी म्हटलं, "कुणी नाही. मी एकटीच ऐकते. तीस वर्षं हेच शिकवलंय मी." ती म्हणाली, "शिकवणं वेगळं आहे, मॅडम." मी थोडी चिडले. म्हटलं, माझं रक्त आहे, माझा कागद आहे. ती शांतपणे म्हणाली, "हक्क तुमचाच आहे. आग्रह धरलात तर मी सांगेन. पण नंतर या दारातून तुम्ही एकट्या बाहेर पडाल, रिक्षात बसाल, घरी जाऊन कुलूप उघडाल. दोन्हीपैकी कुठलाही निकाल असला तरी ते एकटीने जमत नाही. कुणाला तरी फोन करा, मी थांबते." मी बाहेरच्या बाकावर जाऊन फोन उघडला. परवीन नाही. मच्छिंद्र येईल, धावत येईल, पण त्याचं स्वतःचं रक्त तपासायला गेलंय. शेजारपाजारच्यांना नेलं तर संध्याकाळपर्यंत बिल्डिंगला कळेल आणि उद्या परवीनच्या लग्नाच्या बोलण्यात निघेल. कॉलेजातल्या मैत्रिणींची नावं एकेक करून पाहिली. एकीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, एक अमेरिकेत आहे, एक जी होती ती गेली, तिचा नंबर मी अजून काढलेला नाही. नावांची यादी संपली आणि पुन्हा वरून सुरू झाली. मग मी आत जाऊन हेमाला सांगितलं, "पुन्हा येते."

यादीत तुझं नाव होतं, पद्मजा. तिथे मी थांबले होते आणि पुढे गेले होते, कारण तू बंगळूरला, तुझ्यामागे नातू, सुनेची नोकरी, तुझं स्वतःचं पाठीचं दुखणं. आणि कारण असं काही मागायची मला सवय नाही. आपण दोघी एकमेकींकडे फार तर पुस्तकं मागत आलो. पण घरी आल्यापासून दुसरं कुठलंच नाव सुचत नाहीये. म्हणून हे पत्र. तू येशील का? एका दिवसासाठी. जानेवारीत कुठलाही दिवस चालेल, तू कळवशील तो मी हेमाला सांगेन. निकाल चांगला असेल तर परवीनला तिथूनच फोन करून सांगेन की नोकरी सोडायची नाही. वाईट असेल तर तेही तिला सांगावं लागेल, पण ते कसं सांगायचं हे मला एकटीला ठरवता येणार नाही. तू काही बोलायचं नाहीस, धीर द्यायचा नाहीस. ती कागद उघडेल तेव्हा तू माझ्या शेजारी बस, एवढंच. यायला जमणार नसेल तर तसं स्पष्ट लिही, मी रागावणार नाही. पण जमणार असेल तर फोन कर, आणि फोन केलास की "कशी आहेस" विचारू नकोस. कधी येतेस ते सांग.

तुझी वाट पाहणारी, तुझीच,
आबेदा